निवळाईच्या बारा पुतळ्या

काटा उचलायच्या आधी द्वारकावयनींनी सोनू गुरवाला सांगितलं, की पुतळ्या तूच मांड आणि तूच उचल. मी नुसती बोटाने दाखवीन, हात लावणार नाही.

गुरवाने देवीसमोर केळीचं पान अंथरलं. बारा घरांच्या बारा कापडी थैल्या एका टोपलीत होत्या. तो न बघता हात घालायचा, हाताला येईल ती थैली काढायचा, घराचं नाव पुकारायचा, थैलीतली पुतळी बाहेर काढायचा आणि त्याच थैलीवर ठेवायचा. अंगठ्याच्या नखाएवढं सोन्याचं नाणं, त्यावर देवीची उभी मूर्ती आणि खाली कमळाचा बारीक ठसा. बाराही एकसारख्या. सकाळचं ऊन सभामंडपात तिरपं येत होतं आणि त्या उन्हात बाराही सारख्याच चमकत होत्या. त्यातली एक खोटी होती.

मी खांबाला टेकून उभा होतो. गाव मला मान देऊन पुढे बसवत होतं, पण मीच मागे राहिलो. हे जमणार नाही असं मी आठ दिवसांपूर्वी सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, आणि एका बाईची फजिती पुढे बसून बघायची माझी इच्छा नव्हती. फजिती तिचीच होणार याबद्दल मला शंकाही नव्हती. पंचवीस वर्षांचा होतो, मिरजेहून कोकणात नवा नवा बदलून आलो होतो, शाळेत गणित शिकवत होतो. गणिताचा मास्तर म्हणजे मोठा शहाणा, असं निवळे गावाला वाटायचं आणि मलाही तसंच वाटायचं.

निवळाई देवीच्या गळ्यातला हार वर्षातून एकाच दिवशी पुरा व्हायचा, जत्रेच्या दिवशी. बाकी वर्षभर त्या हाराच्या बारा पुतळ्या बारा मानकऱ्यांच्या घरी असायच्या, प्रत्येक घरी एक. जत्रेच्या सकाळी बाराही घरांतून थैल्या यायच्या, गुरव घरांच्या ठरल्या क्रमाने पुतळ्या ओवायचा आणि हार देवीला चढायचा. संध्याकाळी पालखी परतली की हार सुटा करून ज्याची पुतळी त्याच्या घरी. यात मोठी गंमत होती. देवीचं सोनं कुणा एकाच्या ताब्यात नाही, पण बाराही जण एकत्र आल्याशिवाय देवीला हारही नाही.

त्या वर्षी जत्रेच्या नऊ दिवस आधी अंकुश धुरी तालुक्याच्या गावी गेला होता. तिथे एका सोनाराच्या हातात त्याने कमळाच्या ठशाची पुतळी पाहिली. तो दुसऱ्या दिवशी बाबलकाकांना घेऊन गेला तेव्हा सोनाराने ती आटवून टाकली होती. जुन्या मोडीत पडून होती, कुणी कधी विकली आठवत नाही, एवढंच तो म्हणाला. बाबलकाका गावकर म्हणजे गावचे पहिले मानकरी, सत्तरी ओलांडलेले. ते परत आले आणि त्यांनी बारा घरं मोजली. बाराही घरी पुतळी होती. म्हणजे एका घरी नक्कल होती.

त्याच संध्याकाळी सभा भरली आणि अंकुशने कुणी विचारायच्या आधीच परबांच्या घराकडे बोट दाखवलं. तो स्वतः मानकरी, धुरींचं घर बारांतलंच. त्याचं म्हणणं सरळ होतं. विसराम परब वारून दोन वर्षं झाली, मागे बायको आणि एक मुलगी, चार कलमं आणि एक गळकं छप्पर. विकणार दुसरं कोण? अडल्या घराकडे बोट दाखवायला कुणाला अक्कल लागत नाही. सभेतल्या निम्म्या माना हलल्या.

विसरामची बायको, म्हणजे द्वारकावयनी, मागे बायकांत बसल्या होत्या. उठून म्हणाल्या, की माझ्या घोवाच्या नावाला बट्टा लावताय, तर सगळ्यांच्या पुतळ्या तोला.

तोलायचं म्हणणं सोपं होतं, पण त्याला देवीचे दोन नियम आडवे येत होते. पहिला, देवीच्या सोन्यासमोर वजन ठेवायचं नाही. सोन्यासमोर सोनंच. ते घासायचं नाही, त्यावर ओरखडा काढायचा नाही, गावाच्या शिवेबाहेर न्यायचं नाही. आणि दुसरा, काटा तीनदाच उचलायचा. कौल लावताना देवीला एका बैठकीत तीनच प्रश्न विचारतात, तसंच हे. चौथा प्रश्न पुढच्या जत्रेला.

अंकुश म्हणाला, बारा कशाला तोलायला हव्यात, परबांची एक दुसऱ्या कुठल्याही एकीसमोर ठेवा. तेव्हा बाबलकाकांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वेळांत बारांमधली एक सापडेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी कागद मागवला. जड असेल का हलकी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तांब्यावर मुलामा देऊन कुणी जाड केली असेल तर जड, नाहीतर हलकी. मी सहा-सहा करून पाहिलं, तीन-तीन करून पाहिलं, बराच वेळ पेन्सिल चावली. मग उभा राहून फळ्यासमोर बोलतो तसा बोललो, की तीन वेळांत हे होत नाही, नशिबाने झालं तर झालं. गावाने ते वेदवाक्य मानलं.

द्वारकावयनी म्हणाल्या, "मी करून दाखयतंय."

कुणीतरी हसलं. बाबलकाका हसले नाहीत. जत्रेची सकाळ ठरली. परबांची पुतळी खोटी निघाली, किंवा खोटी सापडलीच नाही, तर काय करायचं हेही अंकुशने विचारून घेतलं. खोटी ज्याच्या घरची त्याचा मान गेला, असं ठरलं. सापडली नाही तर देवीची मर्जी समजून गप्प बसायचं आणि पुन्हा कुणाकडे बोट दाखवायचं नाही, असं बाबलकाकांनी बजावलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या शाळेत आल्या. पदरात शिंपल्या बांधलेल्या होत्या. दारातच उभ्या राहून त्यांनी मला विचारलं,

"मास्तरांनू, काटो किती परींनी रवता?"

मी म्हणालो, दोन. एकतर हे पारडं खाली, नाहीतर ते.

"आणि समान रवलो तर?"

तर काही कळत नाही, असं मी म्हणालो. त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, बिचारी हिरमुसली. मग पदराची गाठ घट्ट करून त्या निघून गेल्या. त्यांची कुंदा माझ्याच सातवीत होती. ती म्हणाली, आई रोज मला बारा शिंपल्यांपुढे बसवते. मी एक शिंपली मनात धरायची आणि ती जड की हलकी तेही मनात धरायचं. आई तीनदा विचारते, कुठलं पारडं खाली गेलं ते मी सांगायचं. मी कुंदाला म्हटलं, खेळ चांगला आहे, पण पाढेही पाठ कर.

तर त्या सकाळी काटा सोनू गुरवाच्या हातात होता. देवीचा जुना काटा, तांब्याची दोन लहान पारडी, रेशमाच्या दोऱ्या. बाबलकाकांच्या घरच्या पेटीत असायचा तो, आणि त्यांच्या वडिलांनंतर कुणी बाहेर काढला नव्हता.

द्वारकावयनींनी पानावरच्या पहिल्या चार पुतळ्या दाखवल्या. एका पारड्यात. पुढच्या चार दाखवल्या. दुसऱ्या पारड्यात. उरलेल्या चार पानावरच राहिल्या, आणि योगायोग असा की धुरी, नाईक, सावंत आणि परब ही चार घरं त्या चारांत होती. अंकुशने लगेच हरकत घेतली, की हिची बाहेर का? ती आधी घाला. तेव्हा त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या,

"जी भायर आसत ती पण तोलली जातत."

गुरवाने काटा उचलला. पारडी झुलली, थोडी वरखाली झाली आणि समान थांबली.

मंडपात निःश्वास उमटला. लोकांना वाटलं, एक प्रश्न फुकट गेला. मलाही आधी तसंच वाटलं, पण ते एक क्षणभरच. मग माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आठ पुतळ्या खऱ्या ठरल्या होत्या. एका उचलण्यात आठ घरं सुटली होती, आणि ज्या चारांना काट्याने स्पर्शही केला नव्हता त्यांच्यातच खोटी होती. काटा समान राहिला तर काही कळत नाही, असं मी या बाईला शाळेच्या दारात सांगितलं होतं. माझ्याकडे बघत का राहिली होती ते तेव्हा कळलं. ती हिरमुसली नव्हती, तिला माझी कीव आली होती.

मी खांब सोडून पुढे सरकलो.

दुसऱ्या वेळी त्यांनी बाहेरच्या चारांतल्या तीन दाखवल्या. "पयली माझी," म्हणाल्या. मग धुरींची, मग नाईकांची. सावंतांची बाहेर राहिली. आता समोरच्या पारड्यात त्या काय घालतात, ते बघायला मी श्वास रोखला होता. चारांत तीन तोलायच्या तर समोर उरते एक. त्यांनी मघाच्या आठांकडे बोट केलं आणि त्यांतल्या तीन उचलायला सांगितल्या.

मला ओरडावंसं वाटलं. देवीच्या सोन्यासमोर वजन ठेवायचं नाही, हा नियम. या बाईने देवीच्याच सोन्याची वजनं केली होती! ज्या पुतळ्या खऱ्या ठरल्या त्याच आता माप झाल्या होत्या. नियम जागच्या जागी होता आणि त्याच्यातूनच वाट काढली होती. मी कागदावर बारा गोळे काढून पेन्सिल चावत बसलो होतो तेव्हा हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी देवळात कधी फारसा हात जोडत नाही, पण तेव्हा माझे हात आपोआप जुळले होते आणि ते नक्की कुणासमोर, हे मला अजून सांगता येत नाही.

काटा उचलला गेला. परब, धुरी, नाईक यांचं पारडं वर गेलं.

मंडपात एकच गलका झाला. कुणी म्हणे जड बाजू खोटी, कुणी म्हणे हलकी. सहा घरांची माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागली, कारण त्यांच्या हिशेबी सहाही पुतळ्या अडकल्या होत्या. माझ्या हिशेबी तीनच. समोरच्या तीन खऱ्या होत्या हे पहिल्याच वेळी ठरलं होतं, म्हणजे खोटी वर गेलेल्या पारड्यात होती आणि ती हलकी होती. अंकुश धुरीचा चेहरा उतरला होता. त्याची पुतळी त्या तिघींत होती. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनातल्या मनात म्हणूनही घेतलं.

द्वारकावयनी शांत होत्या. त्यांनी धुरींची एका पारड्यात घालायला सांगितली आणि नाईकांची दुसऱ्या. स्वतःची पानावर, थैलीवर परत ठेवायला लावली. मला त्यांचा आत्मविश्वास दिसत होता. माझी खरीच आहे, या दोघांतली एक वर जाईल आणि ती खोटी. किती स्वच्छ, किती सोपं.

गुरवाने तिसऱ्यांदा काटा उचलला.

पारडी हलली. धुरींचं जरा वर गेलं, आणि मला वाटलं, झालं. मग ते खाली आलं. मग नाईकांचं वर. मग दोन्ही पारडी समान थांबली आणि समानच राहिली.

अंकुशने हुश्श केलं. मग बाबलकाकांनी हळूहळू बोलायला सुरुवात केली, की तीन प्रश्न झाले. धुरी सुटला, नाईक सुटला, पण खोटी काही सापडली नाही. अजून चार-पाच घरं राहिली. देवीची मर्जी नाही. सभेत ठरलं तसं आता कुणी कुणाकडे बोट दाखवायचं नाही. मास्तर म्हणाले होते तेच खरं झालं. आणि ते माझ्याकडे वळले. मला विचारलं, मास्तर, बरोबर ना?

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझी नजर पानावर होती. परबांच्या थैलीवरची ती एकटी पुतळी उन्हात बाकीच्यांसारखीच चमकत होती. ती तिसऱ्या वेळी पारड्यात गेलीच नव्हती, आणि तरी तोलली गेली होती. अख्ख्या मंडपात हे दोन माणसांना कळलं होतं.

मी द्वारकावयनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि उजवा हात पोटावर गेला होता. मला एवढंच दिसलं, की ही बाई नवऱ्याच्या नावासाठी उभी राहिली, आणि माझ्या एका होकाराने ते नाव वाचतं. मी आयुष्यात पहिल्यांदा गणितात जाणूनबुजून खोटं बोललो.

मी म्हणालो, "होय. तीन वेळांत होत नाही."

बाबलकाकांनी मान हलवली. गुरव पुतळ्या गोळा करायला वाकला.

"रव रे सोनू," द्वारकावयनी म्हणाल्या. "सापडली. माझी खोटी."

कुणाला काही समजेना. बाबलकाका म्हणाले, तुझी तर शेवटी तोललीच नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. अगदी सावकाश, कुंदाला सांगावं तसं. पहिल्यांदा आठ खऱ्या झाल्या. मग माझी, धुरींची नि नाईकांची मिळून हलकी भरली. धुरी आणि नाईक समान, म्हणजे ती दोन्ही खरी. उरली कोण? हे सांगताना एकेका पुतळीकडे त्या बोट दाखवत होत्या आणि शेवटी त्यांनी बोट स्वतःच्या थैलीवर आणलं.

"मास्तरांक ठाऊक आसा," त्या म्हणाल्या. "माझी दया इली म्हणान बोलले नाय."

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग बाबलकाकांनी ती पुतळी उचलली. आता ती देवीचं सोनं नव्हती, तिच्यावर ओरखडा काढायला हरकत नव्हती. नारळ सोलायच्या सुरीने त्यांनी कडेला खरवडलं. आत लाल तांबं दिसलं.

अंकुश बोलायला उठला होता, पण द्वारकावयनीच बोलू लागल्या, तशी त्याला थांबावं लागलं.

"चार वर्सांमागे माझा आपरेशन झाला. पैशे मुंबयच्या भावान धाडले, असा घोवान सांगितल्यान माका. मरासर तसाच सांगत रवलो." पोटावरचा हात तिथेच होता. "ह्या माका आता कळला. काटो समान रवलो तेव्हा."

त्यांनी रिकामी थैली घडी घालून देवीच्या पायाशी ठेवली आणि मान सोडून दिला, असं सांगितलं. कुंदा बायकांतून उठून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. त्या रडल्या नाहीत. मी मात्र खांबामागे गेलो आणि चष्मा पुसत राहिलो. एवढी बुद्धी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पण तिथे जे घडलं त्याला नुसती बुद्धी पुरत नाही, हे मला कळत होतं. खोटी सापडली हे तिच्याशिवाय सांगणारं कुणी नव्हतं. जो एक होता त्याने तिला वाट करून दिली होती, आणि तिने ती घेतली नाही.

गुरवाने अकराच पुतळ्या ओवल्या. बाराव्या जागी दोऱ्याला नुसती गाठ मारली. हार देवीला चढला तेव्हा ती गाठ लांबूनही दिसत होती.

बाबलकाकांनी काटा हातात घेतला. मग त्यांनी द्वारकावयनींना हाक मारली आणि म्हणाले, "पुतळी गेली ती गेली. ह्यो काटो आजपासून तुझ्या घराक रवतलो. पुढच्या जत्रेक थैली नको, काटो घेवन ये."

अंकुशला राहवलं नाही. ज्या घरातून देवीचं सोनं गेलं त्याच घरी देवीचा काटा ठेवायचा, हा कुठला न्याय, असं त्याने विचारलं. बाबलकाकांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "खोटी आमच्याच घरची, असा सांगणारा दुसरा घर माका दाखय," म्हणाले, "थंय ठेवतंय."

पुढे मी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली अकरा निवळ्यात. दरवर्षी सातवीच्या वर्गात बारा बटणांचं कोडं घालायचो, बटणं तोलायला लावायचो. हुशार पोरं सोडवायची. पण तिसऱ्या वेळी काटा समान राहिला की एखादं तरी पोर म्हणायचंच, सर, सापडलं नाही. मग मला तो मंडप आठवायचा आणि पुढची पाच मिनिटं मला नीट शिकवता यायचं नाही.

जत्रेनंतर चार दिवसांनी त्या पुन्हा शाळेच्या दारात आल्या होत्या. मला वाटलं आभार मानायला आल्या असतील, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवू लागलो. त्यांनी पदरातून वाटीभर भाजलेले काजू काढून माझ्या टेबलावर ठेवले. मग वर्गातल्या पोरांना ऐकू जाणार नाही, इतक्या हळू आवाजात म्हणाल्या,

"मास्तरांनू, माझ्यासाठी खोटा बोललात, ता मी इसरूचंय नाय. पण परत बोला नको. 'होत नाय' असा तुमी म्हटलात, तर पोरां खराच मानतली."